पटांगणात गेलेली ५१ मिनिटे : नदीकाठच्या एका शाळेचे प्रकरण

११ मार्च २०११ रोजी जपानच्या मियागी प्रांतातल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत १०८ मुले पटावर होती. त्यांतली ७४ मुले त्सुनामीत गेली. शाळेत हजर असलेल्या ११ शिक्षक-कर्मचाऱ्यांपैकी १० जण गेले. भूकंपात मात्र कुणालाही गंभीर इजा झाली नव्हती. धक्का बसल्यापासून पाणी येईपर्यंत ५१ मिनिटे हातात होती आणि शाळेच्या पाठीला लागूनच डोंगर होता. शाळेच्या ताब्यात असलेल्या मुलांचा इतका मोठा बळी त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही शाळेत गेला नाही. म्हणूनच चौकशी समिती, दोन न्यायालये आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय अशा सगळ्यांनी हे प्रकरण तपासले. शाळेचे आणि माणसांचे नाव इथे घेतलेले नाही. घटनाक्रम नोंदीतला आहे.

पार्श्वभूमी : समुद्राखाली काय झाले

जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक मोठा तुकडा, वर्षाला साधारण ८ ते ९ सेंटीमीटर वेगाने होन्शू बेटाखाली सरकतो. जिथे एक भूपट्ट असा दुसऱ्याच्या पोटात शिरतो, त्या सबडक्शन क्षेत्रात दोघांमधला सांधा शतकानुशतके अडकून राहतो. वरच्या भूपट्टाची कड खाली ओढली जाते आणि सांधा सुटला की उसळते. ११ मार्चला दुपारी २:४६ ला सुमारे ५०० किलोमीटर लांब आणि २०० किलोमीटर रुंद एवढा पट्टा सुटला. दोन भूपट्ट जिथे भेटतात त्या समुद्रतळाच्या खंदकाजवळ सरकणे ५० मीटरच्या घरात गेले. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाचा आकार सांगणारा आकडा, ९.०. तळ उचलला गेला, त्यावरचे पाणीही उचलले गेले आणि त्याचीच त्सुनामी झाली.

याची दुसरी बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. कड समुद्रात उसळते तेव्हा मागची जमीन खचते. शाळेच्या दक्षिणेला असलेले ओशिका द्वीपकल्प त्या काही मिनिटांत सव्वा मीटरच्या आसपास खाली गेले आणि पाच मीटरहून जास्त पूर्वेला सरकले. म्हणजे लाट यायच्या आधीच किनाऱ्यावरच्या भिंती आणि बांध जेवढ्या उंचीचे म्हणून बांधले होते तेवढे राहिले नव्हते.

शाळा किताकामी नदीच्या मुखापासून जवळपास चार किलोमीटर आत होती. नदीचा बांध साधारण २०० मीटरवर, पटांगणाची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम मीटर-दीड मीटर. पटांगणातून समुद्र दिसत नव्हता. बांधामुळे नदीचे पाणीही दिसत नव्हते.

आराखड्यातली एक ओळ

या भागात मोठा भूकंप येणार हे सगळ्यांना ठाऊक होते. मियागीसमोरच्या समुद्रात साडेसातच्या आसपासचा भूकंप ३० वर्षांत होण्याची शक्यता सरकारी समितीने ९९ टक्के धरली होती. त्यावरून पूरनकाशे निघाले. नकाशातली बुडीत रेषा शाळेच्या अलीकडेच संपत होती आणि नगरपालिकेने हीच शाळा परिसरासाठी आपत्कालीन आसरा म्हणून जाहीर केली होती. गावातल्या वयस्कर लोकांच्या मनात ‘शाळेत गेलो की सुटलो’ हे पक्के बसले ते यामुळेच.

शाळेचा आपत्ती आराखडा २०१० साली सुधारला गेला. त्यात ‘त्सुनामी’ हा शब्द होता. भूकंपानंतर पहिल्यांदा कुठे जायचे, तर पटांगणात. तिथून पुढे कुठे? ‘जवळची मोकळी जागा, उद्यान इत्यादी.’ जागेचे नाव नाही, वाट नाही, किती मिनिटे लागतील ते नाही. आणि शाळेजवळ उपयोगी पडेल अशी उंचावरची मोकळी जागा किंवा उद्यान नव्हतेच. हा मजकूर दुसऱ्या कुठल्या तरी नमुन्यावरून उतरवलेला असावा, असे वाचताक्षणी वाटते. शिक्षण मंडळाकडे आराखडा पोहोचला आणि फाइलला लागला. तो तपासून परत पाठवला गेला नाही.

दोन दिवस आधी, ९ मार्चला, त्याच समुद्रात ७.३ चा भूकंप झाला. इशारा अर्ध्या मीटरच्या लाटेचा होता. मुले पटांगणात आली, थांबली, परत वर्गात गेली. शिक्षकांमध्ये मागच्या डोंगराबद्दल बोलणे झाले, पण ठरले काहीच नाही. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत स्वस्त संधी हीच होती. धक्का ताजा होता, विषय निघालाच होता आणि ४८ तास हातात होते. एक शिक्षक डोंगरावर चढून घड्याळ लावून आला असता तरी पुढचे बरेच प्रश्न सुटले असते.

११ मार्च : काय कळत गेले

मुख्याध्यापक त्या दिवशी रजेवर होते. सूत्रे उपमुख्याध्यापकांकडे होती. हादरा तीन मिनिटांच्या आसपास चालला. नंतर मुले रांगेने पटांगणात आली आणि हजेरी झाली. थंडी कडाक्याची होती.

२:४९ ला जपानच्या हवामान संस्थेने मोठ्या त्सुनामीचा इशारा दिला : मियागीसाठी ६ मीटर. २:५२ ला गावातल्या भोंग्यावरून तो ऐकू आला. इथे इशाऱ्याच्या यंत्रणेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण दोष सगळा पटांगणातल्या माणसांचा नव्हता.

तीन मिनिटांत आकडा द्यायचा तर मॅग्निट्यूडही तेवढ्या वेळातच काढावे लागते. त्यासाठी वापरले जाणारे मोजमाप जमिनीच्या जलद कंपनांवर बेतलेले होते. आठच्या पुढच्या भूकंपात ही कंपने फारशी वाढत नाहीत, वाढतो तो हादऱ्याचा कालावधी आणि संथ हेलकावे. त्यामुळे पहिला अंदाज ७.९ वर अडकला. म्हणजे प्रत्यक्षात सुटलेल्या ऊर्जेचा चाळिसावा-पन्नासावा हिस्सा. संथ लहरी मोजणारी उपकरणे देशभर काट्याबाहेर गेली होती, त्यामुळे पंधरा मिनिटांत व्हायची दुरुस्ती झाली नाही. समुद्रात तरंगणाऱ्या जीपीएस बोयांनी पाणी चढताना दाखवले, तेव्हा ३:१४ ला मियागीचा आकडा १० मीटरच्या वर नेला गेला. तोवर पुष्कळ ठिकाणी वीज गेली होती आणि नवा आकडा सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. त्यातच ‘ओफुनातोला पहिली लाट ०.२ मीटर’ अशी उत्तरेकडच्या एका बंदराची बातमी गेली. खरी होती, पण तिने घात केला. पहिली लाट बारकी म्हणजे सगळे बारकेच, असा अर्थ लोकांनी काढला.

पटांगणात या काळात गर्दी वाढत होती. गावकरी आसऱ्याला येत होते, पालक मुलांना न्यायला येत होते. २७ च्या आसपास मुले पालकांबरोबर गेली. काही पालकांनी गाडीच्या रेडिओवर ऐकलेले मोठे आकडे शिक्षकांना सांगितले. ‘डोंगरावर जाऊ या’ असे काही मोठी मुले म्हणत होती, असे नंतरच्या जबाबांत आले आहे. शाळेची बस चालकासह उभी होती, पण तिला कुठे जायचे ते कुणी सांगितले नाही.

समोरचे पर्याय

मागचा डोंगर. पटांगणापासून काही मिनिटांचा. पायथ्याच्या उतारावर मुलांनी शिताके अळंबी लावली होती, म्हणजे वाट मुलांच्या पायाखालची होती. अडचणी खऱ्या होत्या : जमीन ओली, उतार तीव्र, धक्के चालूच, झाडे पडण्याची भीती. पटांगणात म्हातारी माणसेही होती, त्यांना चढवणे अवघड होते.

शाळेचा वरचा मजला. इमारत दुमजली, हादऱ्यानंतर आत जाणे धोक्याचे वाटत होते. पुढे पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत गेले, म्हणजे हा पर्याय घेतला असता तरी निभाव लागला नसता.

सुमारे ७०० मीटरवरची, २० मीटरहून उंच अशी वनराई. चालत वीसेक मिनिटांची वाट. नंतर उच्च न्यायालयाने आराखड्यात हेच नाव असायला हवे होते असे म्हटले. त्या दिवशी मात्र कुणाच्या तोंडी हे नाव आले नाही. कागदावर नसलेली जागा घाईत सुचत नाही.

पुलाजवळचा चौक. नदीवरच्या पुलाच्या टोकाशी रस्त्यांचा उंचवटा होता, ६ ते ७ मीटर उंचीचा. जवळ, रस्ता चांगला, म्हाताऱ्यांनाही जमण्यासारखा. अडचण एवढीच की तो नदीला चिकटून होता. आणि ६ मीटरच्या इशाऱ्याला ६-७ मीटरचा उंचवटा पुरेल, हा हिशेब इशाऱ्याचा आकडा कमाल मर्यादा धरला तरच जुळतो.

आणि पाचवा, न बोललेला पर्याय : आहे तिथेच थांबणे. ५१ मिनिटांतली पंचेचाळीसहून जास्त मिनिटे याच पर्यायात गेली. तो निर्णय आहे हे थांबणाऱ्याला जाणवत नाही, म्हणून त्याचे फायदे-तोटे कुणी तोलत नाही.

पटांगणातली चर्चा कुठे अडली, ते या यादीवरून दिसते. डोंगरावर चढण्याचा धोका डोळ्यांसमोर होता : घसरलेले मूल, मोडलेला पाय, त्याबद्दल विचारला जाणारा जाब. पाण्याचा धोका बांधाच्या पलीकडे होता. दोन्ही एका तराजूत तोलायचे तर मोडका पाय बरा होतो, बुडालेले मूल नाही, हे आधी शांतपणे बसून ठरवलेले असावे लागते. मुख्याध्यापक नसताना, बर्फाळ वाऱ्यात, समोर गावातली जाणती माणसे ‘इथवर पाणी कधी आलेले नाही’ म्हणत असताना कनिष्ठ अधिकाऱ्याने ते पहिल्यांदाच ठरवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

निघणे आणि लाट

३:३० च्या सुमारास नगरपालिकेची ध्वनिक्षेपकाची गाडी शाळेसमोरून गेली. किनाऱ्यावरचे पाइनचे वन ओलांडून पाणी आत शिरले आहे, उंचावर जा, अशी ती ओरडत होती. त्यानंतर काही मिनिटांत रांग हलली. रांग पुलाजवळच्या चौकाकडे निघाली, घरांमधल्या अरुंद वाटेने, म्हणजे नदीच्या दिशेने.

पाणी समुद्राकडून शेतांवरूनही येत होते, पण नदीतून आलेले पाणी आधी पोहोचले. त्सुनामीला नदी म्हणजे मोकळा हमरस्ता. पात्रात घर्षण कमी, अडथळा नाही. किताकामीत तिचा माग मुखापासून सुमारे ४९ किलोमीटर आत मिळाला. वाटेत किनाऱ्यावरचे पाइन उपटून आले आणि पुलाला अडकले. पाणी तुंबले, चढले आणि पुलालगतच्या बांधावरून गावात उतरले. म्हणजे मुले ज्या कोपऱ्याकडे चालली होती, पाणी नेमके त्याच कोपऱ्यातून आले. शाळेतली घड्याळे ३:३७ ला थांबली. शाळेपाशी पाणी साडेआठ मीटरच्या वर गेले. रांगेतली पुढची मुले वळून डोंगराकडे धावली. लाटेत सापडलेल्यांपैकी ४ मुले आणि १ शिक्षक वाचले.

पूर्ण किनाऱ्यावर मृतांचा आकडा सुमारे १५,९०० झाला, अडीच हजारांहून जास्त माणसे आजही बेपत्ता आहेत. तपासलेल्या मृतदेहांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बुडून गेलेले होते आणि निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे होते. कडक नियमांनी बांधलेल्या इमारतींमुळे भूकंपाने मारलेले थोडे, पाण्याने मारलेले फार.

न्यायालयांनी काय धरले

२३ मुलांच्या पालकांनी २०१४ मध्ये नगरपालिका आणि प्रांतावर दावा लावला. सेंदाई जिल्हा न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे १४३ कोटी येन भरपाई दिली. कारण असे : ध्वनिक्षेपकाची गाडी गेल्यावर तरी धोका कळायला हवा होता आणि उरलेली सात मिनिटे डोंगरासाठी पुरेशी होती. चूक पटांगणातली, शेवटच्या सात मिनिटांची.

सेंदाई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये रक्कम जवळपास तीच ठेवली, सुमारे १४४ कोटी, पण चूक मागे सरकवली. धक्क्याच्या आधीच, २०१० च्या वसंतातच, आराखडा नीट करायला हवा होता : जागा, वाट आणि पद्धत यांसह. ते न करणे हा मुख्याध्यापकांपासून शिक्षण मंडळापर्यंत सगळ्या यंत्रणेचा निष्काळजीपणा. नकाशात शाळा रेषेबाहेर होती हा बचाव टिकला नाही. नकाशा म्हणजे अंदाज, त्यात चूक असणारच, आणि मुलांची जबाबदारी घेणाऱ्यांचे ज्ञान गावकऱ्यांच्या सरासरी समजुतीपेक्षा वरचे असलेच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि हाच निकाल कायम झाला.

दुसऱ्या निकालाने दोष मेलेल्या शिक्षकांच्या डोक्यावरून उचलून टेबलामागे बसलेल्यांकडे नेला. तो जास्त न्याय्य आहे, आणि उपयोगाचाही.

वेगळे काय करता आले असते

हे नुसते मागाहून सुचलेले शहाणपण नव्हे, याला पुरावा आहे. त्याच प्रांतात मिनामिसानरिकू गावात समुद्राला लागून एक शाळा होती. तिथेही डोंगर की इमारतीचे छप्पर, असा वाद होता. फरक इतकाच की तो वाद आधीची दोन वर्षे शिक्षकांच्या बैठकांमध्ये झाला, वाटा चालून पाहिल्या गेल्या आणि कौल डोंगराला पडला. ११ मार्चला मुख्याध्यापकांनी मुलांना तिकडे नेले. तीन मजली शाळा छपरासकट बुडाली, तेव्हा मुले आणखी वरच्या देवळापर्यंत चढली. त्यांच्याबरोबरची नव्वदेक मुले वाचली.

इवाते प्रांतातल्या कामाइशीत पहिली ठरलेली जागाही मुलांनी मागे टाकली. तिथली दरड ढासळलेली दिसताच ती पुढच्या उंच जागी गेली आणि तिथूनही वर. पहिली जागा बुडाली. म्हणजे आराखड्यात जागेच्या पुढे ‘आणि तिथून वर कुठे’ हेही लिहिलेले हवे. पुलाजवळच्या चौकाच्या वर मात्र काही नव्हते.

प्रत्यक्ष आराखडा करताना या प्रकरणातून निघणाऱ्या गोष्टी अशा. निघण्याची खूण आकड्यावर ठेवू नये. मिनिटाहून जास्त चाललेला हादरा हीच खूण, भोंगा वाजो न वाजो. वेळ पहिलीच्या वर्गाच्या चालीने मोजावी, पावसात एकदा मोजावी आणि म्हाताऱ्यांना सोबत घेऊन एकदा. सपाट वाटेवर लहान मुलांची रांग मिनिटाला ४० मीटरच्या आसपास चालते असे धरले, तर ७०० मीटरला साडेसतरा मिनिटे होतात. ५१ मिनिटांत हे अंतर दोनदा जाऊन उरते. मुलांची मोजणी पटांगणात करत बसू नये, वर पोहोचल्यावर करावी. मुख्याध्यापक नसतील तर कोण, तोही नसेल तर कोण, अशी निदान तीन नावे क्रमाने असावीत आणि निघण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. वाट नदीपासून दूर जाणारी असावी, जरी ती लांबची पडली तरी. डोंगराची वाट निसरडी आहे ही सबब शाळा सुरू असतानाच मिटवता येते : पायऱ्या खोदून आणि दोरखंड किंवा कठडा लावून.

मुले पालकांच्या हवाली करण्याचा नियम सगळ्यात वादाचा. या शाळेतल्या पुष्कळ मुलांना पालकांनी नेले म्हणून ती वाचली, हे खरे. पण किनाऱ्यावर इतरत्र शाळेतून सुखरूप नेलेली मुले गाडीत, रस्त्यात किंवा घरी पोहोचल्यावर बुडाली, हेही खरे. त्यानंतर जपानमधल्या अनेक शाळांनी ठरवले की इशारा चालू आहे तोवर मूल सोडायचे नाही, आलेल्या पालकालाच मुलासोबत वर न्यायचे. हे मात्र वर जायची जागा पक्की असेल तरच म्हणता येते. पटांगणात थांबून हा नियम पाळला तर तो मुलांच्या जिवावर उठेल.

कोकण किनाऱ्याचे गणित थोडे वेगळे आहे. आपल्यासमोरचे सबडक्शन क्षेत्र म्हणजे मकरान, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ चा भूकंप झाला. काही तासांनी, सकाळी, मुंबईत पाणी सुमारे दोन मीटर चढले आणि माणसेही वाहून गेली. म्हणजे वेळ मिनिटांत नव्हे, तासांत मिळेल, आणि २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे इशारा केंद्र तो वेळ वापरता यावा म्हणून चालू आहे. पण हादरा जाणवणार नाही किंवा अगदी किरकोळ जाणवेल, म्हणून वरची ‘मिनिटभराची खूण’ इथे चालणार नाही. इशारा कोण घेणार, रात्री फोन कोण उचलणार, तो शाळेपर्यंत आणि वाडीपर्यंत कसा पोहोचणार, हेच इथे लिहून ठेवावे लागेल. किनाऱ्यापासूनचे अंतर सरळ रेषेत न मोजता खाडीच्या वळणाने मोजावे : वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या काठची शाळा समुद्रापासून लांब असली तरी पाण्याच्या वाटेवरच आहे. जागा शोधायला लांब जावे लागत नाही, बहुतेक गावांच्या डोक्यावर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट कातळ, असतोच. प्रश्न आहे तो सड्यावर जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पावसाळ्यात चालण्याजोगी आहे का, आणि वर छप्पर आहे का, हा. ११ मार्चचे इशारे पूर्णपणे उठायला १३ मार्चची संध्याकाळ झाली, आणि ती पहिली रात्र वाचलेल्या लोकांनी डोंगरांवर थंडीत काढली. सड्यावर पाण्याची टाकी, ताडपत्री आणि दोन दिवसांचा शिधा ठेवायला तिथलीच एखादी छोटी खोली पुरते.